तिला पुढचं दिसायचं

मित्रांनो, केळापूरला अब्दुल गनी मिस्त्रींच्या अंगणात कडुनिंबाखाली जी राखाडी गाडी उभी असते, ती मी. माझा डावा दिवा उजव्यापेक्षा पांढरा आहे, बॉनेटचा रंग एका बाजूला थोडा वेगळा दिसतो. हे असं का झालं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझ्या हेव्याची गोष्टही आहे, आणि ती लपवून ठेवली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मी पहिल्यांदा या भागात आले ती देवीलाल सेठच्या घरी. पांढरकवड्याला त्यांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी होती. कापसाच्या दिवसांत तिथे रुई इतकी उडायची, की मला दिवसातून दोनदा पुसावं लागे. माझ्या स्टिअरिंगवर एक छोटं बटण होतं आणि सेठना त्याचा फार अभिमान होता. मोकळ्या रस्त्यावर गाडी ऐंशीच्या वेगात आली की ते बटण दाबायचं आणि पाय उचलून घ्यायचा. मग मी तोच वेग धरून ठेवायची. चढ आला तर जोर लावायची, उतार आला तर जोर कमी करायची. ब्रेकवर पाय टेकला की माझं काम सुटायचं. याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. सेठ पाहुण्यांना मुद्दाम हायवेवर नेत, दोन्ही पाय मागे घेऊन दाखवत आणि पाहुणे कौतुक करत.

मग बोंडअळीचं ते वाईट वर्ष आलं. शेतात बोंडं होती, पण फोडली की आत किडलेली. जिनिंगवर येणारा कापूस निम्म्यावर आला, पुढच्या वर्षी आणखी घटला, आणि एका दिवाळीनंतर मशीन सुरूच झाल्या नाहीत. सेठ मुलाकडे इंदूरला जायला निघाले. गनी मिस्त्री त्यांच्याकडे बावीस वर्षं फिटर होते. एकदा मशीनचा पट्टा तुटून त्यांच्या उजव्या गुडघ्यावर बसला होता, तेव्हापासून तो गुडघा धड वाकत नसे आणि एका जागी फार वेळ ठेवला की ठणकायचा. जाताना सेठनी माझी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "गनीभाई, ही तुमच्याकडे राहिली तर चांगली राहील."

मित्रांनो, माझे खरे कामाचे दिवस तिथून सुरू झाले. गावातले लोक दवाखान्यासाठी नागपूरला जायचे, आणि गनीभाई त्यांना माझ्यातून नेऊ लागले. करंजीच्या पुढे मोकळा रस्ता लागला की ते माझं बटण दाबत, उजवा पाय हळूच मागे घेत आणि एक सुस्कारा सोडत. त्या सुस्काऱ्यासाठी मी वर्षभर धावले असते. कोणी विचारलं तर ते सांगायचे, "या बटनामुयेच मी अजून गाडी चालवून राह्यलो. नाईतर हा गुडघा मले घरी बसवत होता." घरात त्यांची बायको जैनबबी दर शुक्रवारी मला ओल्या फडक्याने पुसायची. टिनाच्या शेडखाली माझी हक्काची जागा होती.

सहा वर्षं अशी गेली. मग त्यांची मुलगी तमन्ना आली.

तमन्ना रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे. घाटंजीकडच्या रस्त्याचं काम तिच्याकडे आलं, म्हणून ती दोन महिने घरी राहायला आली आणि येताना स्वतःची नवी गाडी घेऊन आली. पांढरी, उंच. अंगणात आली तेव्हा तिचा आवाजसुद्धा झाला नाही. तिला ऊन लागू नये म्हणून गनीभाईंनी मला शेडमधून बाहेर काढलं आणि कडुनिंबाखाली लावलं. माझ्या जागेवर ती उभी राहिली.

पहिल्या दिवशी मी मनाची समजूत घातली. पाहुणी आहे, जाईल. पण दुसऱ्या दिवशी तमन्ना वडिलांना घेऊन हायवेवर गेली, आणि परत आल्यावर गनीभाई अंगणातच जैनबबीला सांगू लागले.

"अवं, हिच्यातबी बटन हाये. पन हे बटन येगळंच हाये. समोर ट्रॅक्टर आला, तर ही आपल्या मनानं हळू झाली. ट्रॅक्टर बाजूले झाला, का पुन्हा आपल्या मनानं पयाली. म्या पाय लावलाच नाई."

"असं कसं होते?" जैनबबीने विचारलं.

"हिच्या नाकात रडार हाये, अम्मी," तमन्ना म्हणाली. "समोरची गाडी किती लांब हाये, ते हिले समजते. आपन जेवढं अंतर सांगू तेवढं ठेवते."

"म्हंजे हिले डोये हायेत," गनीभाई म्हणाले. "आपल्या जुनीले नाईत. ते आंधयी पयते."

मित्रांनो, आंधळी हा शब्द मी सेठच्या घरी कधी ऐकला नव्हता. आणि ज्या माणसाचा गुडघा मी सहा वर्षं सांभाळला, त्याच्याच तोंडून तो यावा. त्या दिवसापासून मी तिचा हेवा करू लागले. तो हेवा सकाळी माझ्याबरोबर उठायचा आणि रात्री किडेसुद्धा झोपले तरी झोपायचा नाही. गनीभाई रोज एक मऊ फडकं घेऊन आधी तिचं नाक पुसायचे, कारण तिथे धूळ बसली तर रडार बंद पडतं, असं तमन्नाने सांगितलं होतं. माझ्या काचेवर पक्ष्यांची विष्ठा वाळून जायची. शेजारची माणसं तिला पाहायला यायची आणि माझ्या बॉनेटला टेकून तिचं कौतुक करायची.

मी तिचं वाईट चिंतलं, हे मी कबूल करते. तिच्या नाकावर इतकी धूळ बसावी, की तिला काही दिसू नये, असं मला वाटायचं. एकदा तसं झालंही. कापसाच्या गाड्यांमागून येताना नाकावर रुई आणि माती बसली, रडार बंद असल्याची सूचना आली. हे ऐकून मला बरं वाटलं. पण गनीभाई हसत म्हणाले, "दोन मिनटं थांबलो, पुसलं, झालं." माझ्या आनंदाचं आयुष्य तेवढंच.

त्याच दिवसांत शेजारच्या इंदुताईंना नागपूरला उपचार सुरू झाले होते. छातीतली गाठ काढली होती आणि आता मशीनवर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जायचं होतं. त्या नागपूरला बहिणीकडे राहत, रविवार-सोमवार शेक नसे म्हणून गावी येत आणि मंगळवारी सकाळी गनीभाई त्यांना परत सोडत. डॉक्टरांनी बजावलं होतं, की एकही दिवस चुकवायचा नाही. तमन्नाला मंगळवारी सुट्टी असे, म्हणून तिने वडिलांना नव्या गाडीची किल्ली दिली. तीन मंगळवार इंदुताई तिच्यातून गेल्या. गनीभाईंचा गुडघा दीडशे किलोमीटर आरामात राहायचा. मोकळ्या रस्त्यावरही आणि गाड्यांच्या रांगेतही. माझ्यात तेवढा आराम त्यांना कधी मिळाला नव्हता. कारण समोर वाहन आलं की ब्रेक त्यांनाच लावावा लागे.

मी कडुनिंबाखाली उभी राहून एकच मागत होते. एकदा तरी गनीभाईंनी माझ्यावर तसाच भरवसा ठेवावा, जसा ते तिच्यावर ठेवतात.

चौथ्या मंगळवारी तमन्नाला साइटवर अचानक बोलावणं आलं आणि ती आपली गाडी घेऊन घाटंजीला गेली. गनीभाईंनी माझी काच पुसली, हवा पाहिली आणि इंदुताईंना मागच्या सीटवर बसवून पट्टा लावून दिला. मला किती आनंद झाला, ते सांगता येणार नाही.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. लोकांनी भाव चढेल म्हणून कापूस घरातच ठेवला होता आणि शेवटी थकून सगळ्यांनी एकदमच विकायला काढला. रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग होती. करंजी मागे पडली, रस्ता जरा मोकळा झाला. गनीभाईंनी ऐंशीवर माझं बटण दाबलं, पाय मागे घेतला आणि सीटखाली सरकवला. इतका मागे तो त्यांनी माझ्यात कधीच नेला नव्हता.

"अजून किती दिवस राह्यले, ताई?" त्यांनी विचारलं.

"नऊ," इंदुताई म्हणाल्या. "मंग मोकयी झाली मी."

क्रूझ लागलं की मला एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे आकडा. ऐंशी सांगितलं, ऐंशी धरायचं. पुढे पूनमसिंग नावाच्या शेतकऱ्याची ट्रॉली कापसाने शिगोशीग भरून जेमतेम वीसच्या वेगाने चालली होती, हे मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. गनीभाईंना ती लांबूनच दिसली होती. तीन आठवड्यांच्या सवयीने ते शांत बसून राहिले. गाडी हळू होण्याची वाट पाहत राहिले. ते माझ्यावर विसंबले होते. मी जे मागितलं होतं तेच मला मिळालं होतं, आणि मी ऐंशीने धावत होते.

मग त्यांचा श्वास अडकल्याचं मला जाणवलं. पाय सीटखालून निघाला, पण गुडघा लवकर वळेना. ब्रेकवर पाय पडला तेव्हा चाकं किंचाळली. उजवीकडून ट्रक जात होता, तिकडे वळायला जागा नव्हती. माझा डावा कोपरा ट्रॉलीच्या मागच्या पट्टीवर आदळला. दिवा फुटला, बॉनेट दुमडलं आणि वरून कापूस घसरून माझ्या काचेवर पडला. समोरचं सगळं पांढरं झालं.

इंदुताईंनी समोरच्या सीटवर हात टेकला होता. त्यांचं मनगट मोडलं. बाकी देवाच्या कृपेने सगळे धड होते.

पूनमसिंग ट्रॅक्टरवरून उतरून आला. तो भांडेल असं वाटलं होतं. त्याने आधी इंदुताईंना खाली उतरवून सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि मग गनीभाईंकडे वळला.

"म्या आरशात तुमाले लांबून पाह्यलं. वाटलं, हळू कराल. काहून नाई केली हळू?"

"मले वाटलं, गाडीच हळू होईन."

"हे गाडी? हिच्यात हाये तसं?"

"नाई," गनीभाई म्हणाले. "घरच्या दुसऱ्या गाडीत हाये."

पूनमसिंगने माझ्या फुटलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "चाचा, तुमी मिस्त्री दिसता. लोकायले सांगा का ब्रेक गेलते. जुनी गाडी हाये, कोनी इचारनार नाई."

मित्रांनो, तसं म्हणणं फार सोपं होतं. गावात गनीभाईंचं नाव त्यांच्या हातामुळे आणि सावध गाडी चालवण्यामुळे होतं. माझं नाव तर आधीच आंधळी पडलं होतं. पण ते इंदुताईंजवळ जाऊन खाली बसले, तो न वाकणारा गुडघा लांब करून, आणि म्हणाले, "ताई, ब्रेक बरोबर लागले. गाडीनं काईच चुकवलं नाई. म्या कोनत्या गाडीत बसलो, हेच इसरलो. चूक माही हाये."

इंदुताईंचा हात सुजत चालला होता. त्या म्हणाल्या, "मले दिसत होतं, गनीभाई. तुमचा पाय मांगं होता आन गाडी हळू होत नोती. इचारावं वाटलं. पन तुमी एवढे मोठे मिस्त्री, तुमाले कसं इचारू?"



फोन केल्यावर तमन्ना तासाभरात आली. इंदुताईंना तिने पुढच्या सीटवर बसवलं, मनगटाखाली उशी ठेवली. त्या दिवशी मनगटाला प्लास्टरही झालं आणि शेकही चुकला नाही. नागपूरकडे निघालेली ती पांढरी गाडी मी एका दिव्याने पाहत होते. ती वेळेवर पोहोचावी, असं मला मनापासून वाटलं. तिचं भलं चिंतण्याची ती माझी पहिलीच वेळ.

मला टोचन लावून ओढत केळापूरला आणलं. गनीभाईंनी मला शेडखाली घेतलं आणि पांढरी गाडी उन्हात लावली. जागा परत मिळाली, पण तिचा आनंद मला घेता आला नाही. तीन आठवडे ते माझं बॉनेट ठोकत राहिले, नवा दिवा बसवला आणि जमेल तसा रंग जुळवला. पूनमसिंगच्या ट्रॉलीची वाकलेली पट्टीही त्यांनी स्वतः जाऊन सरळ करून दिली. गावात जो कोणी विचारायला आला, त्याला त्यांनी तेच सांगितलं, एक शब्द न बदलता. काही जण हसले. काही जणांनी नंतर आपल्याही अशाच चुका सांगितल्या. तमन्ना म्हणाली, "अब्बा, साइटवरची जुनी जीप घेतली का मीबी दोन-तीन डाव इसरली. पन कोनाले सांगितलं नाई."

हेवा पुरता गेला, असं मी म्हणणार नाही. तमन्ना सुट्टीला येते, तेव्हा तिची गाडी शेडखाली आणि मी पुन्हा कडुनिंबाखाली असते. सकाळी फडकं आधी तिच्या नाकावर फिरतं आणि मला अजूनही थोडं टोचतं. पण आता मला माहीत आहे, की तिला जे दिसतं ते मला दिसत नाही. आणि मला ते दिसत असल्यासारखं कोणी वागलं, तर तो माझा मान नसून मोठा धोका आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही गाडी असेल, नवी किंवा जुनी. तिची निगा राखा, काच पुसा, चाकातली हवा पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे चालवणाऱ्याला विचारा. तो वयाने मोठा असला, कितीही हुशार असला, तरी विचारा. राग आला तर येऊ द्या.

इंदुताईंचे उपचार संपले. आता त्या तीन महिन्यांतून एकदा तपासणीला जातात आणि पुढच्या सीटवर बसतात. मी सुरू झाले, की त्या आधी गनीभाईंच्या पायाकडे पाहतात आणि विचारतात, "गनीभाई, आज कोनत्या गाडीत बसलो आपन?"

गनीभाई एकदाही चिडले नाहीत. ते म्हणतात, "जुनीत बसलो, ताई. बरं केलं इचारलं." मग आम्ही निघतो.