डोंबारी चंडोलाचं घरटं

"ती चिमणी नाही," मी दादाला तिसऱ्यांदा सांगितलं. "चिमणी टुणटुण उड्या मारते. ही चालते, बघ."

"एवढीशी हाय, मातकट हाय. चिमणीच हाय," नानासाहेब, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला.

दौलताबादचं आमचं वावर दादा कसतो. मी औरंगपुऱ्यात राहते, शाळेत शिकवते आणि रविवारी दुर्बीण घेऊन त्याच्या डोक्याला ताप द्यायला येते. हरभरा निघून वावर मोकळं झालं होतं. संध्याकाळी सोनाजी धनगर कळप घेऊन येणार होता. मेंढ्या रात्रभर वावरात बसल्या की लेंडीखत आयतं मिळतं. आणि ते मातकट पाखरू सकाळपासून चोचीत अळ्या घेऊन खाली उतरत होतं. म्हणजे जमिनीवर कुठंतरी पिल्लं होती आणि रात्री ती खुरांखाली जाणार होती.

"घरटं दाव," दादा म्हणाला. "तेवढा कोपरा सोडाया लावतो. नायतर कळप बसणार."

दाखवतेच, म्हटलं. पाखरू लई लबाड. उतरायचं एकीकडे आणि ढेकळांतून चालत जायचं भलतीकडेच. चालीवरून मी ठरवून टाकलं की ही तिरचिमणी, चिमणीसारखाच मातकट पण चालणारा पक्षी. तिरचिमणी गवताच्या झुबक्याखाली घरटं लपवते, म्हणून भर उन्हात मी बांधावरचा एकेक झुबका चाळला. हाताला कुसळं आणि काटे लागले. दादा लिंबाखाली बसून गालातल्या गालात हसत होता. मला त्याचा असा राग आला की पाणी प्यायलाही गेले नाही.

दुपार कलली तेव्हा एक काळ्या पोटाचा पक्षी सरळ वर चढला, पंख मिटून दगडासारखा खाली आला आणि जमिनीला लागता लागता पुन्हा वर उचलला गेला. हा डोंबारी चंडोल, याला ओळखायला कोण चुकेल! पण त्याच्याही चोचीत अळी होती आणि तोही त्या मातकट पाखराजवळच उतरला. मी दुर्बीण मातकट पाखराच्या चोचीवर धरली. तिरचिमणीची चोच बारीक असते. हिची जाड होती, अगदी चिमणीसारखी. ही त्याची मादी होती, आणि मी शहाणी अर्धा दिवस बांध चाळत बसले होते. डोंबारी चंडोल उघड्या रानात, ढेकळाच्या आडोशाला घरटं करतो.

मग ढेकूळ न् ढेकूळ बघत निघाले. वावराच्या ऐन मध्यावर, मुठीएवढ्या खळग्यात, दोन पिल्लं चोची वासून पडली होती.

दादा आला, वाकून बघितलं. "कोपऱ्याचं बोललो व्हतो मी. ह्यो काय कोपरा हाय? हितंच तर कळप बसवायचाय."

"मग मी इथंच बसते. घाला मेंढ्या माझ्या अंगावर."

मी फतकल मारून बसले. बांधापलीकडे धुरळा दिसू लागला. दादा बडबडत होता, मी हलले नाही. मला वाटत होतं, जिंकले.

तेवढ्यात मादी दिसली. थोड्या अंतरावर ढेकळावर उभी होती. चोचीत अळी तशीच. दोन पावलं पुढं यायची, मला बघून मागं फिरायची. इकडं ऊन पिल्लांवर पडलेलं, त्यांच्या माना लटपटत होत्या. मी बसले होते तोवर ती येणार नव्हती.

"ऊठ तू," दादा म्हणाला. "मी बघतो."

आमच्या घरात दादाच्या 'मी बघतो'चा अर्थ, ते काम होणार नाही. तरी मी उठले. बसण्यापेक्षा ते उठणं जड गेलं. मागं न बघता बांधापर्यंत चालत गेले.

वळून पाहिलं तर दादा घरट्यापासून बराच दूर, दोन्ही हात पसरून कळपाला आडवा उभा होता. "सोनाजी, वरल्या अंगाला घे! हिकडं एक बी नगं!" मेंढ्या रेटत होत्या, तो त्यांना गुडघ्यांनी मागं लोटत होता.

मादी चालत आली. खळग्याशी थांबली, वाकली, आणि चोच रिकामी झाली.

"दादा," मी आनंदानं ओरडले, "भरवलं रे तिनं!"

"हळू बोल की, द्वारके," तो दबक्या आवाजात खेकसला. "उडून जाईल ना ती."