लाल पट्ट्याची हुशारी

संस्थेच्या तळमजल्यावर सोळा पांढरे उंदीर होते. कागदोपत्री ते संस्थेचे, पण दाणापाणी, भुसा बदलणं, बाटल्या विसळणं आणि कुणी मलूल दिसला तर त्याच्यापाशी बसणं, हे सगळं एका माणसाकडे. त्याला सगळे पिंजरेमामा म्हणत. घरी बायकोसुद्धा भांडताना तेच नाव वापरी.

आठ उंदरांच्या शेपटीवर लाल पट्टा, आठांच्या निळा. संशोधक ताई रोज सकाळी लालवाल्यांना आठ कप्प्यांच्या पेटीत बसवून अर्धा तास सूक्ष्मलहरी सोडायची. मग निळ्यांना त्याच पेटीत, तेवढाच वेळ, पण बटण बंद. लहरींनी मेंदूचं नि वागण्याचं काय होतं, हा तिचा प्रबंध. लहरी घरी जेवण गरम करणाऱ्या पेटीतल्याच, पण इतक्या मंद की अंग कोमटही होत नाही, हे तिनं मामांना दहादा सांगितलं होतं. मामांनी दहादा मान हलवली होती. पटलं एकदाही नव्हतं.

सहा आठवड्यांनी परीक्षा झाली. मोठ्या टबात दुधासारखं गढूळ पाणी, पाण्याखाली दिसणार नाही असा एक ओटा. आधी दाखवून ठेवलेली त्याची जागा लक्षात ठेवून तिथवर पोहायचं. निळे उंदीर कडेकडेनं भेदरून गोल फिरत राहिले. लाल मात्र सुळ्‌कन ओट्यावर! नऊ सेकंद, आठ सेकंद, एकानं तर सातातच काम उरकलं आणि वर मिशा साफ करत बसला.

ताईचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मोठे सर जिना उतरून स्वतः बघायला आले.

"लहरींनी स्मरणशक्ती वाढते!" सरांनी टबावर थाप मारली. पाणी त्यांच्या पोटावर उडालं, पण त्यांना त्याचं काय! "सोमवारी शोधनिबंध पाठवून दे. आणि विसराळू म्हाताऱ्या माणसांवर प्रयोग करायला परवानगीचा अर्ज मी आजच लिहितो."

"सर, बघा ना, किती शांत झालेत," ताई म्हणाली. लाल पट्ट्याचा उंदीर आपण होऊन तिच्या तळहातावर चढला होता. निळ्याला उचलायला गेली तर त्यानं हातमोज्याला कडकडून चावा घेतला.

कोपऱ्यात बाटल्या विसळणारे मामा थबकले.

कारण रोज संध्याकाळी सगळे गेले की मामा लाल पट्टेवाल्यांना एकेक करून बाहेर काढत. बिचारे सकाळी भाजून निघालेत, या कळवळ्यानं त्यांना बाहीत घेऊन बसत, पाठीवरून बोट फिरवत, भगवंताचं नाव गुणगुणत. निळ्यांना काय झालंय, ते मजेत आहेत, म्हणून त्यांच्या पिंजऱ्याला नुसती कडी. आणि आता लालांना माणसाच्या हाताची भीती उरली नव्हती. न भिणारं डोकं वाट लक्षात ठेवतं, एवढं कळायला मामांना प्रबंधाची गरज नव्हती.

बोलावं, तर ताईची सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात. गप्प बसावं, तर उद्या कुणाची तरी आई त्या पेटीत.

घरी अर्जाचं ऐकून बायको म्हणाली, "माझं नाव घाला त्या अर्जात. किल्ल्या कुठं ठेवते तेच आठवत नाही मला. आणि तुम्हीही बसा शेजारी, दूध आणायचं तरी ध्यानात राहील."

मामांना जेवण गेलं नाही. देवापुढे हात जोडले, पण देव काही निबंध मागे घेणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ताईला गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ताई स्टुलावर मटकन बसली.

"रोज?" तिनं विचारलं.

"रविवारीसुद्धा."

"प्रत्येकाला किती वेळ?"

"पाच मिनिटं. एखाद्याला जरा जास्त लागतंय वाटलं तर सात."

"ते कसं ठरवायचात?"

"तोंडावरून."

ताईनं कपाळाला हात लावला आणि मग हसूच फुटलं तिला, डोळ्यांत पाणी असताना. "मामा, तुम्ही माझं वाटोळं केलंत हो!"

"मोठ्या सरांना मीच सांगतो. दोष माझाच."

"तुमचा कसला? लहरी कुणाला मिळतात ते तुम्हाला कळू द्यायलाच नको होतं. चूक माझी." तिनं निबंधाचे कागद खणात कोंबले. तिनंच सांगितल्यावर सर दिवसभर फुरंगटून बसले, पण अर्ज फाडला.

नवे सोळा उंदीर आले, सगळ्यांना एकाच रंगाचा पट्टा आणि नंबर. कुठल्या नंबरांना बटण चालू, कुठल्यांना बंद, हे वरच्या मजल्यावरच्या कारकुनानं ठरवलं, बटणही तोच दाबणार, आणि यादी कुलुपात टाकली.

"आता मलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही," ताई म्हणाली.

"मग मी कीव कुणाची करू?"

"सगळ्यांची. प्रत्येकाला पाच मिनिटं. मी घड्याळ घेऊन बसते."

मामांनी पहिला उंदीर बाहीत घेतला. मग दुसरा. निळं नाही, लाल नाही. सोळाही तितकेच गरीब बिचारे दिसत होते, आणि मामांचा कळवळा कमी पडेना.

"मामा, सहा मिनिटं झाली."

"याच्याकडे बघा तरी, ताई."

"नाही बघणार. खाली ठेवा त्याला."