मी शून्यसुद्धा सोडलं नाही

मी एका पार्लरवालीची हिशेबाची वही बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, कुणाची माफी मागायला मी तोंड उघडलेलं नाही. माझ्या पानांवर वॅक्सचे डाग आहेत, कडा चिकट आहेत, आणि मधली काही पानं तर अशी चिकटलीत की नखाने सोडवावी लागतात. असू देत. तीनशे पानं आहेत माझ्यात आणि एकाही पानावर खोटा आकडा नाही. छातीठोकपणे असं सांगणाऱ्या किती वह्या तुमच्या पाहण्यात आहेत?

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यातला. आम्ही पाचशे जणी एकाच दिवशी कापल्या गेलो, शिवल्या गेलो, पुठ्ठ्यात बसलो. त्या दिवशी रेघा मारणारं यंत्र कुठेतरी अडखळलं आणि माझ्या समासाची लाल रेघ तिरकी गेली. वर बोटभर जागा, खाली दोन बोटं. त्यामुळे स्टेशनरीच्या दुकानात मी दीड वर्ष तळाला पडून होते. गिऱ्हाईक यायचं, मला उघडायचं, नाक मुरडायचं, बंद करायचं. दुकानदाराने शेवटी माझी किंमत निम्मी केली.

मग एका दुपारी ती आली. हात दिसले आधी. नखं अगदी बारीक कापलेली, उजव्या तर्जनीवर दोऱ्याने कापल्याची आडवी खूण. आयब्रो करणाऱ्या बाईच्या बोटाला ही खूण असतेच. तिने मला उघडलं, तिरकी रेघ पाहिली आणि म्हणाली, "रेघ वाकडी असली तर असू दे. आकडे मी सरळ लिहीन."

दुकानदार हसला. मी मात्र त्याच क्षणी तिची झाले.

आकड्यांचा तिला इतका ध्यास का होता, ते मला नंतर कळलं. तिने नऊ वर्षं दुसऱ्या एका बाईच्या पार्लरमध्ये काम केलं होतं. महिन्याच्या शेवटी गल्ल्यातून नोटा काढून हातावर ठेवल्या जायच्या. पावती नाही, सही नाही, काही नाही. मग तिने एका शिवणकामाच्या दुकानाच्या मागे, चौदा पायऱ्या चढून एक खोली भाड्याने घेतली आणि स्वतःचं सुरू केलं. पण त्या खोलीत पाण्याचा नळ नव्हता. हात धुवायला बाहेर बोळाच्या टोकाला जावं लागायचं. वयस्क बायकांना जिना चढवायचा नाही. तिचा जीव रस्त्यावरच्या एका गाळ्यात अडकला होता. तिथे चपलांचं दुकान होतं, त्याचा करार दोन वर्षांनी संपणार होता. समोर काच, आत बेसिन, एकही पायरी नाही.

मला विकत घेतलं त्याच सकाळी ती गाळ्याच्या मालकाला भेटून आली होती.

"काम कधीपासून करता?" त्याने विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

"कागद आहेत का काही? उत्पन्नाचे, टॅक्स भरल्याचे?"

नव्हते. अकरा वर्षं ती उभी राहून राबली होती, पायांच्या शिरा फुगल्या होत्या, आणि कागदावर ती घरी बसून होती. मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "दोन वर्षांचे भरलेले कागद आणा, तुमचा विचार सगळ्यात आधी करतो."

म्हणून मी.

पहिल्याच दिवशी तिने एक नियम केला. आधी वही, मग हात. म्हणजे वॅक्स झालं, गिऱ्हाईक खुर्चीवरून उठलं, पैसे दिले, की तशाच चिकट बोटांनी पेन उचलायचं आणि लिहायचं. कारण बोळाच्या टोकाला जाऊन हात धुऊन येईपर्यंत दुसरी बाई खुर्चीत बसलेली असायची आणि आधीचा आकडा डोक्यातून निघून गेलेला असायचा. माझ्या अंगावर डाग आहेत ते त्याचे. मला त्यांची लाज वाटत नाही.

तारीख, काम, रक्कम. कुणी वर चार पैसे खुशीने ठेवले, तर तेही. दोऱ्याचं रीळ घेतलं, पावती चिकटव. वॅक्सचा डबा घेतला, पावती चिकटव. आणि फुकट काम केलं, तर तेही लिहायचं.

हे फुकटचं प्रकरण जरा सांगायला हवं. तुमच्या घरात कुणी पार्लरवाली असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल. नातेवाईक येतात ते "सहज चक्कर मारली गं" म्हणून. पाच मिनिटांत बाही वर गेलेली असते. "डबा उघडलेलाच आहे ना, मग माझेही हात करून टाक." मोठी जाऊ दर महिन्याला यायची. तिच्याबरोबर तिची बहीण यायची. बहिणीची नणंद यायची. जाताना कुणी पर्सकडे हात नेलाच, तर जाऊ म्हणायची, "अगं, घरचंच आहे!"

माझी मालकीण काही बोलायची नाही. संकोच आडवा यायचा. पण त्या जिना उतरायच्या आत तिने मला उघडलेलं असायचं. "मोठी जाऊ, दोन्ही हात, ०." तिच्या नवऱ्याने एकदा विचारलं, "पैसेच नाही आले, तर लिहितेस कशाला?"

"पैसे नाही आले म्हणून काम झालं नाही असं आहे का?" ती म्हणाली. "नऊ वर्षं माझं काम कुणी लिहिलं नाही. आता एकही सुटणार नाही."

पहिल्या वर्षाचं विवरणपत्र तिने रीतसर भरलं. त्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तिने पहिल्यांदा स्वतःचं काम लिहिलं, आणि मग उगाचच दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले होते. मी शेजारीच उघडी पडले होते, मी पाहिलं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला थोरले दीर आले. भाऊजी म्हणजे घरातले शहाणे. प्रत्येक बाबतीत त्यांच्या ओळखीचा एक माणूस असतो. त्यांनी मला तळहातावर तोललं, चार पानं चाळली आणि खिशातून दुसरी वही काढली. वीस पानांची, चकचकीत कव्हरची, कोरी करकरीत.

"हे बघ," ते म्हणाले, "हिच्यात निम्मं उतरव. दिवसाला दोन-तीन बायका दाखवायच्या, बस. ही जाडी वही टाक बंबात. सगळे असंच करतात. तुझ्या खोलीत कोण मोजायला येतंय?"

"दादा म्हणतोय त्यात चूक काय आहे?" नवरा हळूच म्हणाला. "तेवढेच चार पैसे वाचतील."

बंबात! मला! पान न् पान तापलं माझं. आणि ती चकचकीत बया मला खेटून बसली होती, जणू माझी जागा तिला आताच मिळालीय. मी वाट पाहत होते. खरं सांगते, भीतीही वाटत होती.

मालकिणीने माझ्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भाऊजी, निम्मं दाखवायचं म्हणजे निम्म्या बायकांचं काम मी केलंच नाही असं म्हणायचं. नऊ वर्षं दुसऱ्या बाईने माझ्याशी हेच केलं. आता मीच माझ्याशी करू?"

"अगं, पण टॅक्स..."

"भरीन. कमावते म्हणून भरते. लपवायला मी काही चोरी केलेली नाही."

भाऊजी पाय आपटत गेले. पातळ वही तशीच राहिली. पुढे तिची पानं वॅक्सचा चमचा पुसायला कामी आली. मी सगळं पाहत होते.

आणि मग, चपलांचं दुकान उठायला एक महिना राहिलेला असताना, नोटीस आली. "आपण खरेदी केलेले वॅक्स आणि दाखवलेले उत्पन्न यांचा मेळ बसत नाही. वह्या व पावत्यांसह हजर राहावे." गाळ्याचा मालक म्हणाला, "हे मिटवून या, मग बोलू. महिनाअखेरपर्यंत थांबतो." मालकिणीने नोटीस पुन्हा वाचली. दोन वर्षं पै न् पै लिहून शेवटी चोर ठरायचं? आणि चोर ठरली की गाळा गेला.

भाऊजी लगेच हजर. "बघ, सांगत होतो! आता तू गप्प बस, तिथे मी बोलतो. मला ठाऊक आहे यांच्याशी कसं बोलायचं."

कार्यालयात आम्ही एका चष्मेवाल्या बाईंच्या टेबलापुढे बसलो. बाईंनी मला उघडलं, बोट चिकटलं, त्यांनी ते रुमालाला पुसलं आणि तरीही पुढचं पान उलटलं. मला ती बाई तिथेच आवडली.

"एका डब्यात किती जणी होतात?"

"हात असतील तर नऊ-दहा. पाय असतील तर चार," मालकीण म्हणाली.

"वर्षात एक्केचाळीस डबे घेतलेत. तुमच्या उत्पन्नाच्या हिशेबाने बत्तीसच पुरे झाले असते. नऊ डबे गेले कुठे?"

"मॅडम, त्याचं काय आहे," भाऊजी पुढे सरसावले, "उन्हाने वितळतं..."

"भाऊजी, थांबा," मालकीण म्हणाली. "मॅडम, शून्य वाचा."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मोठी जाऊ, दोन्ही हात, शून्य. मोठ्या जावेची बहीण, दोन्ही पाय, शून्य. बहिणीची नणंद, दोन्ही हात, शून्य." शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून ऐकू लागला. बाई वाचत राहिल्या. "मोठी जाऊ, हात, शून्य. थोरले दीर, कानांवरचे केस, शून्य."

कारकुनाने पेन खाली ठेवलं.

"थोरले दीर, कानांवरचे केस, शून्य," पुन्हा. पुढच्या महिन्यात पुन्हा. वर्षभरात अकरा वेळा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना ते जिना चढून यायचे आणि "कुणाला बोलू नकोस हं" म्हणायचे. ती कुणाला बोलली नव्हती. फक्त लिहिलं होतं.

बाईंनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींचे दोन्ही कान लालबुंद झाले होते, आणि त्यांवर एकही केस नव्हता. पुरावा समोरच बसला होता.

बेरीज झाली. हातांचे बावन्न, पायांचे बारा, कानांचे अकरा. बाईंनी यंत्रावर आकडे मारले. नऊ डबे, चमचाभर इकडे-तिकडे.

"उत्पन्न बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पण एक चूक आहे. हे नऊ डबे तुम्ही धंद्याच्या खर्चात धरलेत. नातेवाइकांना फुकट लावलेलं वॅक्स हा धंद्याचा खर्च नाही. तो तुमचा घरचा खर्च. तेवढा फरक भरावा लागेल."

चूक होती. मी नाकारत नाही. पावती दिसली की ती चिकटवायची आणि खर्चात धरायची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ते वॅक्स कुणाच्या हातावर गेलं याने फरक पडतो, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"भरते," मालकीण म्हणाली. "पण मॅडम, म्हणजे मी त्यांचं काम फुकट केलं, वर सामान माझं, आणि वर त्याचा टॅक्सही माझाच?"

"हो," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण फुकट करा असं सरकारने कुठे सांगितलंय?"

पैसे भरले, शिक्का बसला. घरी आल्यावर मालकिणीने एका पुठ्ठ्यावर दरपत्रक लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ वाढवली, "नातेवाइकांनाही हेच दर." पार्लरच्या भिंतीत खिळा नवऱ्याने ठोकला. ठोकताना म्हणाला, "दादाला काय वाटेल?" पण ठोकला सरळ आणि घट्ट.

संध्याकाळीच जाऊ तणतणत आली. "घरच्या माणसांची कचेरीत शोभा केलीस? एवढी मोठी झालीस का?"

"शोभा कसली, ताई? केलेलं काम वाचून दाखवलं त्यांनी."

"आमच्याकडून पैसे घेणार तू?"

"हो, ताई. घेणार."

तिने शब्द गिळला नाही. जाऊ निघून गेली. त्यानंतर पंचवीस दिवस माझ्यात एकही शून्य पडलं नाही, आणि घरात कुणी तिच्याशी धड बोललंही नाही. एका दुपारी रिकाम्या खोलीत बसून ती रडली. मग डोळे पुसून पुढच्या बाईचे आयब्रो केले आणि लिहिले.

गाळा मिळाला. मालकाने दोन वर्षांचे कागद पाहिले, नोटिशीवरचा शिक्का पाहिला आणि किल्ली दिली. त्या दिवशी माझ्यात फक्त एक ओळ रिकामी उरली होती. नवी वही आणून ठेवलेली होती, समास सरळ असलेली. मला मत्सर वाटला नाही. थोडासा वाटला.

पहिल्या सकाळी काचेबाहेर मोठी जाऊ उभी. आत यायला एकही पायरी नाही, तरी तिला वेळ लागला. खुर्चीत बसली. बाही वर केली. दोन्ही हात झाले. उठताना तिने दरपत्रकाकडे पाहिलं आणि पर्समधून पैसे काढून टेबलावर ठेवले. पूर्ण.

"आणि यांच्या कानांचे?" ती म्हणाली. "ते अकरा वेळचे. मला ठाऊकच नव्हतं. मेले, मला म्हणायचे केस आपोआप झडतात!"

दोघी हसल्या. आधी मालकीण, मग जाऊ, मग दोघी इतक्या की जाऊला पुन्हा खाली बसावं लागलं.

"ते राहू दे, ताई. मागचं शून्यच राहील. लिहिलंय तसं."

मग तिने वॅक्सने भरलेल्या बोटांनी पेन उचललं.

"अगं, बेसिन शेजारीच आहे," जाऊ म्हणाली. "आधी हात तरी धू."

"आधी वही," मालकीण म्हणाली, आणि माझ्या शेवटच्या ओळीवर जावेचं काम आणि त्यापुढे पूर्ण रक्कम लिहिली.

आता मी वरच्या फळीवर आहे, वॅक्सच्या डब्यांच्या शेजारी. पुढची काही वर्षं मला जपून ठेवायचं आहे म्हणे, कुणी विचारलं तर दाखवायला. त्यानंतर रद्दीत घालायचं तर घाला, मी रडणार नाही. पण तोवर कुणाला शंका असेल, कुणाला वाटत असेल की या बाईने काही केलंच नाही, तर मला खाली काढा आणि खुशाल उघडून बघा. हात चिकट असले तरी चालतील.