बाबांच्या मागचं पाणी

त्या शनिवारी जेटीवर आल्या आल्या बाबांनी समुद्राकडे एकदा पाहिलं, तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. पाणी जोखायला त्यांचं हेच यंत्र होतं. कवळी तोंडात राहिली तर पाणी साधं, हलायला लागली तर बरं, आणि खिशात गेली तर चाचणी घेण्यालायक.

माझ्याकडे खरं यंत्र होतं. काडेपेटीएवढं, तळाला बसलेला प्रत्येक मोठा हादरा मोजून पिकपिक वाजणारं; तसंच एक बाबांच्या बोटीतही बसवलेलं. शिवाय चौदा पुस्तकं होती, आणि त्यांतली वाक्यं स्वतःची असल्यासारखी फेकायची सवय.

भांडण साच्याचं होतं. आमच्या बोटींच्या कारखान्यात एकच मोठा साचा मावतो. तीस वर्षं तिथे बाबांचा व्ही-तळाचा साचा उभा होता. त्यांनी तो स्वतः घासून, मोडून, पुन्हा घासून वेगवान बोटींसाठी घडवला होता. मला त्या जागी कॅटॅमरान हवी होती, दोन निमुळत्या तळांची. पहिली मी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली बांधून घेतली होती. शेवटी ठरलं असं की खवळलेल्या पाण्यात दोन्ही बोटी एकाच वेगाने पळवायच्या. बाबांच्या बोटीला हादरे जास्त बसले तर त्यांचा साचा कापून जागा मोकळी करायची, माझ्या बोटीला बसले तर कॅटॅमरानचा विषय सोडायचा.

"पायजमा झाला का घालून?" बाबांनी बोळक्या तोंडाने विचारलं. दोन तळ आणि वर एक पट्टा, म्हणून माझी बोट त्यांच्या लेखी पायजमा.

"तुमची कुऱ्हाड पाजळली असेल तर निघू या." त्यांचा व्ही-तळ म्हणजे माझ्या लेखी कुऱ्हाड.

"पंडिता, वाटेत पुस्तक उघडू नकोस. भिजेल."

मिस्त्री खो खो हसले. ते बाबांचे सर्वांत जुने कारागीर, आणि चाचणीला कायम बाबांच्याच बोटीत. माझ्या बोटीत मी एकटी. माझ्याबरोबर बसायला कुणी नव्हतं असं नाही. माझ्याबरोबर कुणी असलं की मी समजावून सांगायला लागते.

बंधाऱ्याबाहेर पहिल्या तरंगत्या बोयापर्यंत लाटा कुशीवर होत्या. बाबांची बोट या अंगावरून त्या अंगावर कलंडत होती आणि मी टेबलावर ठेवल्यासारखी सपाट चालले होते. मी त्यांना हात हलवून दाखवला. एखाद्या उद्घाटनाला आल्यासारखा. वळणावर मात्र त्यांची बोट सायकलस्वारासारखी आत झुकून अलगद वळली, आणि माझी ताठच राहिली, त्यामुळे मी केबिनच्या दारावर आपटले. ते त्यांनी पाहिलं नसावं अशी मी आशा केली.

तिथून दुसऱ्या बोयापर्यंत लाटा समोरून होत्या. हादरे मोजायचे ते याच टप्प्यात.

व्ही-तळ लाटेत पाचरीसारखा शिरतो आणि खाली येताना पाणी दोन्हीकडे सारून उतरतो. कॅटॅमरान लाटेत शिरत नाही. दोन तळांच्या मध्ये दाबली गेलेली हवा तिला उशीसारखी उचलून धरते. लाटा त्या मोकळ्या जागेपेक्षा बुटक्या असतील तोवर तिच्यासारखं सुख नाही. त्या उंच झाल्या की पाणी खालून, दोन तळांना जोडणाऱ्या मधल्या छतावर थापड मारतं. हे सगळं पुस्तकात होतं. मी ते अधोरेखितही केलं होतं, दोन रंगांत.

पहिल्याच मिनिटात नऊ थापडा बसल्या. यंत्र नऊ वेळा वाजलं. दातावर दात आपटले, माझे तर स्वतःचे होते. समोरून पाण्याचा फवारा उडून चष्म्यावर आला. बाबांची बोट थोडी पुढे होती. आदळत होती, पण सरळ रेषेत. तिच्या मागे पाण्याची एक पट्टी दिसली, पांढरी, फेसाळ, आणि इस्त्री केल्यासारखी. मोठी बोट लाटा मोडत जाते आणि तिच्या मागे थोडा वेळ पाणी सपाट राहतं, हेही पुस्तकात होतं.

मी सुकाणू थोडंसं फिरवलं आणि त्या पट्टीत शिरले.

यंत्र जवळजवळ गप्प झालं. बाबांनी दोनदा मागे वळून पाहिलं. अंतर बघत असतील, असं मी ठरवून टाकलं.

जेटीवर आकडे वाचले. त्यांचे चौतीस, माझे अकरा. बाबांनी दोन्ही यंत्रं उन्हात धरून पाहिली, मग खिशातून कवळी काढून तोंडात बसवली.

"हरलो," ते म्हणाले. "हरल्याचं तरी नीट उच्चारात सांगावं." मग सहज विचारल्यासारखं, "तुझ्या बाजूला पाणी कसं होतं गं?"

"खवळलेलं," मी म्हटलं. "तुमच्यासारखं."

ते मोठ्याने हसले. मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं. दुपारी बसून मी चाचणीचं आठ पानी टिपण लिहिलं. त्यात वाऱ्याचा वेग होता, दोन्ही बोटींचं वजन होतं, तळटिपा होत्या. सपाट पट्टी नव्हती.

रविवारी सकाळी बूट घालायला बाबा खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. आई चहा घेऊन आली तेव्हा एक बूट पायात होता.

त्यानंतरचे दोन आठवडे मी काय केलं, तर वाचलं. शोकावरची चार पुस्तकं, समासात पेन्सिलीच्या खुणांसकट. आईने एकदा विचारलं, "काय लिहिलंय त्यात?" मी सांगायला लागले, तर ती म्हणाली, "राहू दे. कपाटातले कपडे काढायला लाग." शर्टाच्या खिशात रुमाल सापडला. मी तो पुन्हा खिशात ठेवला आणि बटण लावलं.

मग मिस्त्रींचा फोन आला आणि मी कारखान्यात गेले.

साचा होता तिथेच उभा होता. त्याच्यावर खडूच्या पाच रेघा होत्या, पट्टी लावून मारलेल्या.

"शेठनी शनिवारी संध्याकाळीच मारल्या," मिस्त्री म्हणाले. "म्हणाले, शब्द दिलाय. तुकडे बाहेर न्यायचे रोलर लावून ठेवलेत ताई. कापू ना?"

त्यांच्या हातात कटर होता, कपाळावर सरकवलेला चष्मा.

"थांबा," मी म्हटलं. "एकाच चाचणीवर निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. लाटांची लांबी, तळाचा कोन, शिवाय भार वाढला की मधल्या जागेची उंची..."

मिस्त्रींनी कटर जमिनीवर ठेवला आणि माझं संपायची वाट पाहिली. माझं बराच वेळ संपलं नाही.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही आमच्या मागे आलात ना, मी शेठना म्हटलं, ही मागे का घुसली? तर म्हणाले, इंजिन तापलं असेल पोरीचं. मला म्हणाले, वाट बदलू नकोस, सरळ धर. तिला बरं पडेल."

मी साच्यावर हात ठेवला. तो थंड आणि गुळगुळीत होता. पहिल्या रेघेचा खडू बोटांना लागला.

"इंजिन तापलं नव्हतं, मिस्त्री."

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"नऊ हादरे पहिल्या मिनिटात बसले. मी घाबरले. हरेन म्हणून घाबरले, आणि बुडेन म्हणूनही. बाकीचा सगळा वेळ मी त्यांच्या मागे होते." मी तळव्याने रेघ पुसायला लागले. ती नीट पुसली जाईना, नुसती पसरत होती. मग मिस्त्री समोर आहेत हे विसरून मी मोठ्याने म्हणाले, "पाणी सपाट होतं, बाबा. तुमच्या मागे अगदी सपाट होतं."