तोच आकडा

रितेशने इंटरनेटच्या पेटीची पिन सातव्यांदा उपसली, दहा अंक मोजले आणि परत खोचली. हिरवा दिवा लुकलुकला, स्थिरावला. लॅपटॉपच्या पडद्यावर पहिला आकडा उमटला : चार हजार एकशे सत्तावीस. मागच्या सहा वेळीही हाच आला होता. त्यानंतरचा दुसराही तोच, तिसराही तोच. निवडलेल्या भेंडीत शिजल्यावर अळी सापडावी तशी त्याला शिसारी आली. आणि ही भेंडी त्यानेच निवडलेली होती.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत आता घरोघरी अशी पेटी होती. तिच्यातला प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीचा, आणि त्यातला हे आकडे काढणारा तुकडा तीन वर्षांपूर्वी रितेशने लिहिलेला. मोबाईलवर कुणी एखाद्या संकेतस्थळाचं नाव लिहिलं, की त्याचा पत्ता पेटी बाहेर विचारते. प्रत्येक प्रश्नासोबत एक आकडा जातो, आणि तोच आकडा घेऊन येईल ते उत्तर खरं मानायचं, असा सगळा व्यवहार. म्हणून तो आकडा कुणाला ओळखता येता कामा नये. ओळखला, तर कुणीही लबाड खऱ्याच्या आधी आपलं उत्तर घुसवतो आणि माणूस नाव बरोबर लिहूनही चोराच्या दारात जाऊन उभा राहतो.

रितेशने आकडा काढायला पेटीतलं घड्याळ वापरलं होतं. त्या घड्याळाला सेल नव्हता. पिन काढली की वेळ शून्यावर, आणि शून्यापासून निघालेले आकडे दर वेळी तेच. पुण्याच्या ऑफिसात इन्व्हर्टर होता, तिथे पेटी कधी बंदच पडली नाही, सगळं झकास चाललं. इथे मात्र गडगडलं की घरातल्या यच्चयावत पिना काढायच्या, ही आजोबांच्या रेडिओपासूनची रीत. मे महिन्यात रोज तिसऱ्या प्रहरी अख्खी वाडी पिना काढते. पुणेकराला हे ठाऊक नसलं तर समजू शकतं, पण रितेश लहानपणी स्टुलावर चढून टीव्हीची पिन काढणारा. पेटीच्या चिपमध्ये कुणालाच अंदाज न लागणारे आकडे देणारी सोय होती. ती वापरायला पाचसहा ओळी जास्त लिहाव्या लागल्या असत्या. तेवढ्याचा त्याने कंटाळा केला होता.

त्या ओळी त्याने आता लिहिल्या. वीस वेळा पिन काढली, वीस वेळा वेगळा आकडा आला. मग त्याने प्रियदर्शिनी मॅडमना फोन लावला. त्या कंपनीत त्याच्या वरच्या. त्यांनी शाबासकी दिली आणि नव्या आवृत्तीसोबत ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच लिहायला सांगितलं. तक्रारी आल्याच, तर ग्राहक पेटी वारंवार बंद करतात असं कळवायचं.

“मॅडम, लोकांची माहिती गेलीय यातून.”

“ते सिद्ध कुठे झालंय? आणि कोड कुणाचा होता, रितेश? मी तुलाच सांभाळून घेतेय.”

आवाज साखरेत घोळलेला होता. रितेशला त्या साखरेची किळस आली, पण त्याच्या तोंडून जे निघालं ते “ठीक आहे” असंच निघालं. त्याची किळस त्याहून जास्त आली.

कारण कुणाची माहिती गेली हे त्याला ठाऊक होतं.

प्रयागबाई ही त्याची चुलती. सातवी शिकलेली, पण वाडीतल्या बायकांचे सरकारी अर्ज मोबाईलवर तीच भरायची. गेल्या मेमध्ये, गडगडाट थांबून पेटीची पिन परत खोचल्यावर, तिने शिलाई मशीनच्या योजनेचे अकरा अर्ज भरले. कागदावरचा पत्ता अक्षर अक्षर लावून लिहिला, पान उघडलं, अकरा जणींचे आधार क्रमांक दिले. ते पान खोटं होतं. दासगावात मशीनं आली, वाडीत एकही आलं नाही. आले ते चोरांचे फोन. त्या अकरा जणींतल्या शेजारच्या गीताबाईने चारचौघींत तिला बोल लावला. मुंबईहून तिच्या मुलाने, भरतने, फोनवर झापलं, की वाट्टेल तिथे बोट लावत जाऊ नको. ती एकच सांगत राहिली, मी नाव बरोबर लिवलं व्हतं. शेवटी बायकांनी न्याय करायला आणला कोणाला, तर रितेशला. उंदराला मांजर साक्ष. त्याने मोबाईल हातातही न घेता सांगून टाकलं होतं, की काकीचं एखादं अक्षर चुकलं असणार. त्या दिवसापासून तिच्याकडे अर्ज घेऊन कुणी आलं नाही.

तो तिच्याकडे गेला तेव्हा प्रयागबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. हात मनगटापर्यंत लाल. तो पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं : आकडा, घड्याळ, पिन, कंटाळा. ती एकेक साल उलटं करत ऐकत होती.

“म्हंजी मी बरोबर लिवलं व्हतं.”

“बरोबर लिहिलं होतंस, काकी.”

तिने मान हलवली. डोळे भरले, ते तिने कोपराने पुसले. मग सालांवरची नजर न काढता विचारलं,

“ह्ये गीताबायच्या म्होरं सांगशील?”

गीताबाईला सांगायचं म्हणजे वाडीला सांगायचं. वाडीचं महाडला पोचायला एक बाजाराचा दिवस पुरे, आणि महाडातनं कंपनीला कळायला एक तक्रार. ‘मी तुलाच सांभाळून घेतेय.’ हप्ता, नोकरी, नाव, सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि ते जाताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“काकी, तसं नाय, म्हणजे मी...”

“ऱ्हाव दे रे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “मला सवय झाली हाय. तुला नाय व्हायची.”

तिने सुपातली उरलेली सालं चटईवर ओतली आणि तिथेच बसून ती एकेक वेगळी करू लागली. कुंपणापलीकडे गीताबाई तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर.