अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

मित्रांनो, मी कॉम्प्युटरची एक जुनी डिस्क आहे. दिसायला बिस्किटाएवढी, पण माझा तोरा विचारू नका! माझ्या पोटात एक चिप आहे. माझ्यावर लिहिलेलं सगळं ती गुपित लिपीत बदलून ठेवते. एकदा कुलूप लागलं, की किल्लीशिवाय कुणाच्या बापाला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

जिथे धुळीचा कणही येत नाही अशा खोलीत माझा जन्म झाला. राहायला मात्र आले ती चामड्याच्या आणि पॉलिशच्या वासात. ते बूटवाल्या काकांचं दुकान. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल वाकडं, त्यांच्यासाठी काका बूट शिवत. पायांची चाळीस वर्षांची मापं वह्यांत होती. वह्यांना वाळवी लागली, म्हणून त्यांची लेक ती माझ्यात भरणार होती.

पहिल्या दिवशी लेक बाहेर गेली असताना कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या ताई सिस्टीम टाकायला आल्या.

"काका, ही सिस्टीम टाकताना डिस्कचं कुलूप आपोआप लागतं," त्या म्हणाल्या. "नको असेल तर आत्ताच सांगा. नंतर ओरडायचं नाही."

"लोकांची दुखणी आहेत त्यात. लागू दे कुलूप."

"मग हे अठ्ठेचाळीस आकडे लिहून ठेवा. रोज ती आपोआप उघडेल; पण मशीन बिघडलं, डिस्क दुसरीकडे लावली, की ती हेच विचारणार."

"कागद हरवतो. चामडं कुठे जातंय?" काका हसले. काचेच्या कपाटात नमुन्याचा एक जोड होता. त्याचं आतलं अस्तर उचलून त्यांनी प्रत्येक बुटात चोवीस आकडे लिहिले आणि अस्तर पुन्हा चिकटवलं. लेकीला सांगायचं मात्र राहून गेलं.

मग सहा वर्षं मी मान मोडून काम केलं. 'टाच टेकवताना कचरते', 'चालताना डावीकडे झुकतो', अशा काकांच्या बारीकसारीक नोंदीही मी जपल्या. वह्या रद्दीत गेल्या. काकांची नजर मंदावली, दुकान लेकीच्या हाती जाऊ लागलं. "सगळं हिच्या पोटात आहे," असं काका गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला काय वाटायचं म्हणून सांगू!

एका दुपारी मशीनच जळालं. ताईंनी मला नव्या मशीनमध्ये बसवलं. मी किल्ली मागितली, तेच अठ्ठेचाळीस आकडे. ताईंनी नाना खटपटी केल्या आणि हात टेकले. "हिच्यापुढे माझं काही चालत नाही, काका."

ऐकून मी फुगले! काकाही निवांत होते. त्यांनी कपाट उघडून लेकीला विचारलं, "अगं, इथला जोड कुठाय?"

"तो? कवायतीच्या मास्तरांना दिला की, दोन वर्षं झाली. तुम्हीच म्हणालात, नमुने काढून टाक."

काकांनी रिकाम्या फळीवरून हात फिरवला. "माझी किल्ली त्यात होती गं. ही मापं पुन्हा घ्यायला आता माझे डोळे कुठायत? तुला मी देऊ तरी काय?"

मला फार वाईट वाटलं. पण दया येऊन उघडले असते, तर उद्या चोरालाही उघडावं लागलं असतं. मी कुलूप घट्ट धरून ठेवलं.

लेक धावत मास्तरांकडे गेली. मास्तर तोच जोड घालून आले आणि बूट काढून स्टुलावर बसले. "म्हणजे दोन वर्षं तुमचं दुकान मी पायाखाली घेऊन फिरतोय म्हणा की!"

लेकीने जपून अस्तर सोडवलं. घामाने डागाळले होते, पण आकडे शाबूत होते.

"आधी डावा की उजवा?" ताईंनी विचारलं.

काकांना काही आठवेना. मास्तर ताठ बसले. "कवायतीत आधी डावाच!"

लेक एकेक आकडा वाचत गेली. शेवटचा आकडा पडला आणि मी खाड्कन उघडले. इतक्या वर्षांतलं एकही माप इकडचं तिकडे झालं नव्हतं. काकांनी डोळे पुसले आणि लेकीला म्हणाले, "घे, सांभाळ. आता हे तुझं."

त्या दिवशी लेकीने किल्लीचे दोन कागद केले. एक घरच्या कपाटात, एक आत्याकडे, आणि कुठे ठेवले ते बापलेकीला दोघांनाही पाठ. मास्तरांचे बूट काकांनी स्वतः चिकटवून दिले, त्यांच्यासमोर वाकून.

मित्रांनो, माझं कुलूप आपोआप लागतं आणि ते मी जिवापाड राखते. किल्ली मात्र तुम्हालाच राखावी लागते. आणि ती कुठे आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.