निळा क्लॅम्प

साइटवर त्याला सगळे पान्या म्हणत, कारण कमरेला पाना नाही असा तो कुणी पाहिलाच नव्हता. परांच्या बांधणं हे त्याचं काम. बांधून झालं की प्रत्येक सांध्यावर कमरेच्या पान्यानं टोला द्यायचा आणि कान लावायचा. खणखणीत वाजलं तरच हिरवी पट्टी बांधायचा. त्याची बायको तिथंच घमेली वाहायची. बाकीच्या बाया फळीवर पाय ठेवताना खाली बघत. ती बघत नसे. "आमच्या यांनी बांधलीय," म्हणायची.

मंगळवारी ती तिसऱ्या मजल्याच्या फळीवरून खाली पडली. आठ दिवस झाले, कमरेखाली तिला काही कळत नव्हतं.

आता पान्या वकीलबाईंसमोर बसला होता, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. शेजारी मेहुणा. टेबलावर सुपरवायझरनं दवाखान्यात आणून दिलेला कागद.

"सही केली नाहीत ना?" बाईंनी विचारलं. "यात लिहिलंय, परांची नवऱ्यानं बांधली, ती ठीक होती, बाई स्वतःच्या चुकीनं पडली. पुढं काहीही करायला गेलात तरी ते हाच कागद आडवा घालतील."

"मग आम्ही काय करू शकतो?" मेहुण्यानं विचारलं.

"एक, भरपाईचा अर्ज. त्यात चूक कुणाची हे दाखवावं लागत नाही. त्या कामावर होत्या, कामात पडल्या, एवढं पुरे. पण त्यातून जन्मभराच्या शुश्रूषेचा खर्च निघणार नाही. तो हवा तर ठेकेदारावर निष्काळजीपणाचा दावा लावायचा. तिथं मात्र चूक दाखवावी लागते. आणि या कागदाला जोडलेल्या त्यांच्या फोटोत परांची धडधाकट आहे, वर तुमची हिरवी पट्टी."

पान्या खाली मान घालून बसला.

"दाजी, बोला की," मेहुणा म्हणाला. "घरी तर शेजाऱ्यांची झोप मोडेल एवढं बोलता."

"फळीखालचे पाइप जोडणारा क्लॅम्प नव्हता," पान्या म्हणाला. "पलीकडच्या इमारतीला क्लॅम्प कमी पडले म्हणून सुपरवायझरनं तो काढून नेला होता. मला न विचारता."

"मग फोटोत कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"मी लावला."

मेहुण्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू बहिणीला ढकलणारा हाच.

"तिला गाडीत घालून नेलं. मला जागा नव्हती. वर बघितलं तर सांधा उघडा, आणि चौथ्या मजल्यावर माणसं कामाला. हात थांबला नाही माझा. पिशवीतला माझा जुना क्लॅम्प काढला, आवळला. अर्ध्या तासानं त्यांनी फोटो काढले."

बाई म्हणाल्या, "हे सांगितलंत तर पुरावा बदलला म्हणून आधी तुम्हालाच धरतील."

"धरू दे. लिहा."

"नुसत्या शब्दावर कोर्ट चालत नाही हो. काही खूण?"

"माझा क्लॅम्प निळ्या रंगाचा आहे. साइटवरचे सगळे गंजके. मालकाच्यात मिसळू नयेत म्हणून मी रंगवतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जवळून फोटो हवा. आजच."

तेवढ्यात पान्याचा फोन वाजला. सुपरवायझर होता, आवाज अगदी गोड. "पान्या, वहिनी कशा आहेत? ऐक, ती परांची उतरवायचीय. तू बांधलीस, तूच उतरव. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही."

"येतो," पान्या म्हणाला.

साइटच्या फाटकावर वॉचमननं बाईंना आणि मेहुण्याला अडवलं. पान्याला आत सोडलं आणि मागं कडी लावली. आवारात कुणी नव्हतं. मिक्सर बंद. आठ दिवसांपूर्वी जिथं ती पडली होती, तिथं नवी वाळू पसरलेली होती.

तो शिडीनं चढला. तिसऱ्या मजल्यावर, आत खिडकीच्या चौकटीत सुपरवायझर बसला होता. मांडीवर पाना.

"ये," तो म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो. तो निळा तुझाच ना रे? फळीवर ये, जवळून बघ."

पान्यानं फळीवर टाकायला पाय उचलला आणि सवयीनं आधी पाइपावर टोला दिला.

आवाज थप्पकन आला. सैल.

पाय हवेतच थांबला. सुपरवायझर हसत होता, पण डोळे त्या पायावर होते.

पान्यानं पाय मागं घेतला. एका हातानं शिडी घट्ट धरली, दुसऱ्यानं फोन काढला आणि फोटो काढला. त्यात निळा क्लॅम्प आला, त्याचा अर्धा सुटलेला बोल्ट आला आणि मांडीवरचा पानाही आला.

"खाली उतरायचंय अजून तुला," सुपरवायझर उठत म्हणाला.

पान्यानं खालच्या पायरीसाठी पाय सोडला. शिडी वर ज्या सांध्याला बांधली होती, तो त्यानं चढताना वाजवून बघितला नव्हता.